बॉयलरवाल्याच्या रक्तातला क्षार

काटेकाकांचं मत असं होतं, की माणसाला आजार व्हायचाच असेल तर चारचौघांत सांगता येईल असा व्हावा. साखर म्हटलं की लोक हळहळतात. प्रेशर म्हटलं की घरात कुणी वरच्या पट्टीत बोलत नाही. हृदयाचं तर विचारूच नका, लांबचे नातेवाईक फळं घेऊन येतात आणि जाताना पाठीवरून हात फिरवतात. पण ‘रक्तात कॅल्शियम वाढलंय’ असं सांगितलं, की समोरचा म्हणतो, ‘‘अरे वा!’’

दोन महिन्यांत काकांनी हे ‘अरे वा’ इतक्यांदा ऐकलं, की शेवटी त्यांनी सांगणंच सोडलं. कुणी तब्येत विचारली तर ‘‘ठीक’’ एवढंच म्हणायचे, आणि तेही अशा आवाजात की विचारणाऱ्याने पुन्हा विचारू नये.

काटे हे काकांचं आडनाव नव्हे. ते एका मोठ्या लाँड्रीत बॉयलर सांभाळत. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, पडदे तिथे धुवायला येत, आणि ते धुवायला, वाळवायला, इस्त्री करायला लागणारी सगळी वाफ मागच्या खोलीतल्या काकांच्या बॉयलरमधून जाई. अठ्ठावीस वर्षं त्यांची नजर प्रेशरच्या काट्यावर होती. बोलत तुमच्याशी असले तरी डोळे काट्याकडेच. त्यावरून कुणीतरी काटेकाका म्हणायला लागलं आणि तेच चिकटलं. पुढे तर कंपनीच्या पाकिटावरही ‘श्री. काटे’ छापून आलं. काकांनी ते दुरुस्त करून घेतलं नाही. म्हणाले, ‘‘काट्याने पोट भरलं, नाव लावायला काय हरकत आहे?’’

सकाळी सहाला काका येत. काचनळीत पाण्याची पातळी बघत, बर्नर पेटवत, आणि काटा सातावर आला की हातातला पाना वाफेच्या पाइपवर दोनदा वाजवत. ठण् ठण्. भिंतीपलीकडे घडीच्या टेबलावरच्या बायकांना कळे, वाफ आली. त्यानंतर ब्लोडाउन. हे काय असतं ते काका कुठल्याही नव्या माणसाला एका दमात सांगत. ‘‘पाणी उकळतं, वाफ निघून जाते, क्षार मात्र मागे राहतो. वाफेला कुठे क्षार नेता येतोय? मग तो साचतो, दाट होतो, नळ्यांवर बसतो. म्हणून तळाची झडप उघडायची, घाण पाणी सोडायचं, वरून ताजं घ्यायचं. वीस मोजायचे आणि झडप बंद. रोज. आळस केलास की बोटभर थर, आणि मग बस छिन्नी घेऊन.’’

काकांनी अठ्ठावीस वर्षांत आळस केला नाही. घोड्याने पेंड खाल्ली ती गेल्या वर्षी.

आधी थकवा आला. पाना उचलायचा तर आधी मनात ठराव मंजूर करावा लागे. मग हाडं ठणकायला लागली. पोट संपावर गेलं. तहान अशी, की घसा म्हणजे इस्त्रीखालची चादर, आणि प्यालेलं पाणी अर्ध्या तासात बाहेर. दिवसातून पंधरा वेळा काका अंगण ओलांडून मुतारीकडे जाताना दिसत. आणि विसरणं! चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणं हे सगळेच करतात. काका चष्मा डोळ्यांवर असताना शोधायचे.

घरात यावर दोन पक्ष होते. काकूंच्या मते हे वय होतं. काकांची थोरली बहीण, आक्का, हिच्या मते कॅल्शियम कमी झालं होतं. आक्काचा गुडघा एका गोळीने बरा झाला होता, तेव्हापासून तिला जगातली सगळी दुखणी कॅल्शियमची वाटत. तिने काकांना गोळ्यांची डबी आणून दिली. ‘‘रोज दोन घे बाबू. हाडं कशी वाजली पाहिजेत!’’ काका वर्षभर रोज दोन घेत होते. हाडं वाजत होती, नाही असं नाही.

आणि मग तो दिवस आला. काकांनी ब्लोडाउनची झडप उघडली, मोजायला सुरुवात केली, आठावर तहान लागली. बारावर दुसरीच निकड लागली. काका अंगण ओलांडून गेले, येताना नळाखाली ओंजळ धरून पाणी प्याले, आणि सावलीतल्या बाकावर जरा टेकले. आपण कुठे जात होतो, हे आठवेना. ते आठवून देण्याचं काम बॉयलरच्या भोंग्याने केलं. पाणी तळाला गेलं होतं, भोंगा कोकलत होता, बर्नर आपोआप बंद पडला होता म्हणून निभावलं. दोन तास सगळी लाँड्री थंड. एका हॉटेलच्या दोनशे चादरी ओल्या पडून राहिल्या.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर काकांना भांडता तरी आलं असतं. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, आणि गोड आवाजात सांगितलं, ‘‘काका, दीड महिन्याने बॉयलरची वार्षिक तपासणी आहे. त्याच्या आत डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट आणा. आणलंत तर प्रश्नच नाही. नाही आणलंत, तर बॉयलरवर एजन्सीचा माणूस घेऊ, आणि तुम्हाला जरा हलकं काम. घडीच्या टेबलावर.’’

काकांनी चहाचा कप बाजूला सरकवला. ज्या टेबलाला अठ्ठावीस वर्षं पाना वाजवून ‘वाफ आली’ सांगितलं, तिथे उभं राहून उशांचे अभ्रे दुमडायचे!

डॉक्टरीणबाई वयाने काकांच्या मुलीएवढ्या असतील. रिपोर्टवर सगळीकडे शांतता होती, एकाच आकड्याशेजारी तारा छापला होता.

‘‘काका, कॅल्शियम अकरा पॉइंट आठ आहे. साडेदहाच्या आत हवं.’’

‘‘म्हणजे हाडं मजबूत ना?’’ काकूंनी आशेने विचारलं.

‘‘उलट. हाडांतलं निघून रक्तात येत असेल तर हाडं पोकळ होतात. थकवा, तहान, विसरणं, सगळं यानेच होऊ शकतं. कसल्या गोळ्या चालू आहेत?’’

काकूंनी पर्समधून आक्काची डबी काढून टेबलावर ठेवली. चोरीचा माल सापडावा तसे सगळे त्या डबीकडे बघत राहिले.

‘‘या आजपासून बंद. आणि पाणी भरपूर. दिवसाला तीन लिटर. पंधरा दिवसांनी परत तपासू. उतरलं तर गोळ्यांचा दोष. नाही उतरलं तर आणखी शोधू.’’

‘‘आणि सर्टिफिकेट?’’

‘‘आकडा खाली येऊ दे, मग लगेच.’’

काका घरी आले आणि त्यांनी किटली उघडली. आत पांढरा, खरखरीत थर. नखाने खरवडला, बोटांत चुरला. याला ते अठ्ठावीस वर्षं ओळखत होते. यानेच नळ्या बुजतात, यानेच बॉयलर मरतात, आणि हा येतो कुठून? पाण्यातून! मग रक्तात कुठून आला? काकांना एकदम डॉक्टरीणबाईंची कीव आली. पोरगी हुशार आहे, पण तिने बॉयलर कधी उघडून बघितलाय? क्षार वाढलाय म्हणते आणि वर पाणी प्या म्हणते! ही म्हणजे आग विझवायला रॉकेल.

शिवाय आणखी एक हिशेब होता. पाणी कमी तर मुतारी कमी. मुतारी कमी तर बॉयलर सोडून जाणं नाही. म्हणजे दुसरी चूक नाही. एका दगडात दोन पक्षी! काकांनी त्या दिवसापासून पाण्यालाच पाण्यात पाहायला सुरुवात केली. सकाळी एक कप, रात्री एक कप. तहान लागली की ओठांवरून ओला रुमाल फिरवायचा. काकूंनी भरून दिलेली बाटली लाँड्रीच्या दारातल्या कुंडीत रिकामी व्हायची. कुंडीतलं झाड त्या महिन्यात फार सुंदर आलं.

पंधरा दिवसांनी आकडा आला बारा पॉइंट चार.

आता घरात तपास सुरू झाला. काकूंचा पहिला संशय आक्कावर. ‘‘वन्सं, खरं सांगा, तुम्ही लपवून गोळ्या देताय ना?’’

‘‘मी? मी कशाला देऊ?’’ आक्का उसळली. ‘‘आणि दिल्या असत्या तर बरा झाला असता तो!’’

दोघी आठ दिवस एकमेकींशी काकांमार्फत बोलत होत्या. काकूंनी डॉक्टरांनी न सांगता दूध बंद केलं, दही बंद केलं, चीज बंद केलं. टूथपेस्टच्या डब्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय तेही चष्मा लावून वाचलं. एकदा काका भिंतीला टेकून बसले होते तर म्हणाल्या, ‘‘अहो, सरका तिकडे. चुना आहे तो.’’

लाँड्रीतही बातमी गेलीच. घडीच्या टेबलावर एक मावशी होती, तिथली मुख्य, जिच्या जिभेपुढे इस्त्रीचं मशीन थंड. काका दिसले की ती म्हणे, ‘‘काका, आमच्या चादरीवर घाम पुसा हो. पावडर वाचेल, पांढऱ्याशुभ्र निघतील.’’ मग टेबलावरचा कोपरा थोपटून, ‘‘आणि या लवकर. जागा झाडून ठेवलीय.’’

काका हसत नसत. एरवी तिला सव्वाशेर उत्तर दिलं असतं, पण आताशा उत्तर सुचायचं ते संध्याकाळी. डोक्यात जणू कुणी भिजलेली गादी भरली होती. पाना हातातून दोनदा पडला. काट्याकडे बघता बघता तो सहावर आहे की सातावर हे ठरवायला वेळ लागायला लागला, आणि त्याची काकांना आतून फार भीती वाटली. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. त्याऐवजी सकाळचा कप अर्धा केला.

तपासणीला पाच दिवस उरले असताना तिसरा रिपोर्ट आला. तेरा पॉइंट दोन. सोबत सोनोग्राफीत मूत्रपिंडात एक खडाही निघाला. माणूस चुकला की कानाला खडा लावतो. काकांना तो भलत्याच ठिकाणी लागला होता.

डॉक्टरीणबाई या वेळी हसल्या नाहीत. ‘‘आत्ताच भरती व्हा. घरी जायचं नाही.’’

‘‘मॅडम, पाच दिवसांत तपासणी आहे हो!’’

‘‘काका, हा आकडा आणखी चढला तर माणूस बेशुद्ध पडतो, हृदयाचे ठोके चुकतात. सलाइन लावायचंय.’’

पलंगावर आडवं पडल्यापडल्या काकांनी बाटलीतले थेंब मोजायला घेतले. सवयच ती. मग नर्सला विचारलं, ‘‘यात औषध काय आहे?’’

‘‘अजून काही नाही. मिठाचं पाणी.’’

काका ताडकन उठून बसले. ‘‘पाणी? अहो, पाण्यानेच तर वाढतंय! काढा, काढा ते!’’

नर्सने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या आल्या, काकूंच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. त्यांना केव्हापासूनच वाटत होतं, की कुठेतरी पाणी मुरतंय. ते कुंडीत मुरत होतं, एवढंच त्यांना माहीत नव्हतं.

‘‘काका, दिवसाला किती पाणी पिता?’’

‘‘दोन कप. आता दीड.’’

‘‘मी तीन लिटर सांगितलं होतं.’’

‘‘तुम्ही सांगितलंत. पण मॅडम, राग मानू नका, अठ्ठावीस वर्षं मी क्षार बघतोय. तो पाण्यातूनच येतो. पाणीच नाही घातलं तर येणार कुठून?’’

काकूंचं तोंड उघडं ते उघडंच. डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत. हनुवटीखाली हात घेऊन म्हणाल्या, ‘‘मला बॉयलरमधलं काही कळत नाही. मला सांगा, चालू बॉयलरमध्ये तुम्ही पाणी घालायचं कमी केलं, की आतला क्षार कमी होतो?’’

‘‘कमी कसा होईल?’’ काका वैतागले. किती साधी गोष्ट! ‘‘वाफ जातेच आहे ना वरून. उरलेल्या पाण्यात तो आणखी दाट होतो. म्हणून तर खालचं सोडायचं आणि ताजं घ्यायचं. म्हणून तर ब्लोडा...’’

काकांचं तोंड तिथेच थांबलं.

काका सलाइनच्या बाटलीकडे बघत होते, मग स्वतःच्या हाताकडे, मग छताकडे. ज्या दिवशी ती झडप उघडी राहिली, त्या दिवसापासून ब्लोडाउन या शब्दाकडे त्यांनी मनातल्या मनातही बघितलं नव्हतं. हात सकाळी झडप फिरवायचे, पण मन तिथे थांबायचं नाही. लाज वाटायची.

‘‘म्हणजे मी...’’ काका म्हणाले, ‘‘दीड महिना झडप बंद करून बसलो होतो.’’

‘‘आणि मी वन्संशी भांडले!’’ काकूंना आता वाचा फुटली. ‘‘घरातलं दूध बंद केलं. भिंतीला टेकू दिलं नाही. आणि तुम्ही बाटल्या कुठे ओतत होतात हो?’’

‘‘कुंडीत.’’

‘‘कुंडीत! त्या झाडाचं कौतुक केलंत माझ्यापाशी! काय फोफावलंय म्हणालात!’’

दोन दिवसांत आकडा अकरा पॉइंट सहावर आला. पण त्याखाली जाईना. आणखी एक तपासणी झाली, मानेचं स्कॅन झालं, आणि मूळ सापडलं. मानेत चार बारीक ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की हाडांतून काढून भरायचं त्यांचं काम. त्यातली एक वाटाण्याएवढी फुगली होती आणि गरज नसताना काम करत सुटली होती.

‘‘समजलं,’’ काका म्हणाले. ‘‘टाकीतला फ्लोट अडकलाय. टाकी भरली तरी पंप चालूच.’’

‘‘अगदी तसंच. गोळ्यांनी आणि कमी पाण्याने भर घातली, पण मूळ तेच. छोटं ऑपरेशन आहे. ती एक काढली की बाकीच्या तीन बघून घेतील.’’

‘‘मग आज सर्टिफिकेट देता?’’

‘‘ऑपरेशननंतर. सहा आठवड्यांनी.’’

म्हणजे सगळं कळलं, आणि काहीच मिळालं नाही. काकांना वाटलं, न कळलेलं बरं होतं. निदान रागवायला डॉक्टरीणबाई होत्या.

तपासणीच्या दिवशी काटेकाका घडीच्या टेबलावर उभे होते. मावशीने पहिल्या दिवशी थट्टा केली नाही, त्याचंच काकांना जास्त लागलं. तिने नुसतं दाखवलं, ‘‘कोपऱ्याला कोपरा, मग मध्ये हात.’’ काकांची चादर नेहमी तिरकी यायची. मावशी काही न बोलता ती उलगडून पुन्हा घालायची. भिंतीपलीकडे बॉयलर उघडला होता आणि तपासनिसाचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

‘‘नळ्या काय स्वच्छ आहेत हो! एवढ्या जुन्या बॉयलरला मी असं कधी बघितलं नाही. कोण ठेवतं?’’

काकांच्या हातातली चादर हवेतच राहिली.

‘‘आमची सिस्टिमच आहे तशी,’’ मॅनेजर म्हणाला.

मावशीने काकांकडे बघितलं. ‘‘सिस्टिम,’’ ती म्हणाली, ‘‘तिकडचा कोपरा धरा.’’

ऑपरेशन झालं. मानेवर दोन बोटांची रेघ आली. आकडा चोवीस तासांत असा उतरला, की काकांच्या ओठांना आणि बोटांना मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, असं होतं, आता हाडं आपलं गेलेलं परत खेचून घेतात, काही आठवडे बाहेरून द्यावं लागेल. त्यांनी चिठ्ठी लिहिली. काकूंनी ती वाचली आणि आवाज न करता आक्काच्या हातात दिली.

आक्काने चिठ्ठी जवळ धरली, लांब धरली. मग ज्या आवाजात निकाल वाचतात त्या आवाजात म्हणाली, ‘‘कॅल्शियम. रोज दोन. मी वर्षभर काय बोंबलत होते?’’

‘‘आक्का, तेव्हा जास्त होतं गं, आता...’’

‘‘ते तुझं तू बघ बाबू. लिहिलंय काय? कॅल्शियम. कोणी लिहिलंय? डॉक्टरांनी.’’ आणि तिने तीच जुनी डबी पिशवीतून काढून उशाशी ठेवली. काकूंनी ती उचलून औषधाच्या दुकानातली नवी आणली, पण तोवर आक्का अख्ख्या गल्लीला सांगून आली होती.

सहा आठवड्यांनी आकडा नऊ पॉइंट चार. सर्टिफिकेट मिळालं, सही-शिक्क्यासह. काकांनी ते प्लास्टिकच्या कव्हरात घातलं, शर्ट इस्त्रीचा घातला, आणि मॅनेजरसमोर दोन्ही हातांनी ठेवलं. मॅनेजर फोनवर बोलत होता. त्याने डोक्याने ‘या, बसा’ केलं, कव्हर न उघडता ड्रॉवरमध्ये टाकलं, फोनवर हात ठेवून म्हणाला, ‘‘बरं झालं आलात काका. एजन्सीवाला परवापासून येतच नाहीये. जरा बघा तिकडे.’’

बस. चार वेळा सुया टोचून घेतल्या, मान कापून घेतली, त्या कागदाकडे कुणी बघितलंही नाही. काकांना ओरडायचं होतं. पण कुणावर? ते तरातरा मागच्या खोलीत गेले.

नोंदवही उघडली तर एजन्सीवाल्याने आठवडाभर प्रत्येक ओळीत एकच आकडा लिहिला होता. सात, सात, सात. ब्लोडाउनच्या रकान्यात टिकमार्कांची माळ, सगळ्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत. ‘‘हरामखोर!’’ काका म्हणाले. मोठ्याने. सहा महिन्यांत शब्द वेळेवर सुचल्याची ही पहिलीच वेळ.

त्यांनी काचनळी पुसली, बर्नर लावला. काटा सातावर आला तो त्यांना लांबून, चष्मा कपाळावर असतानाच दिसला. पाना उचलून पाइपवर मारला. ठण् ठण्. भिंतीपलीकडून मावशीचा आवाज आला, ‘‘आले का हो शिल्पकार? इथे तुमच्या सोळा तिरक्या चादरी अजून पडल्यात!’’

‘‘तुझ्या जिभेने सरळ कर त्या!’’ काका ओरडले, आणि पलीकडे बायका खळखळून हसल्या.

मग त्यांनी ब्लोडाउनची झडप उघडली. पाणी आलं ते गढूळ, पांढुरकं, दाट. काका मोजत उभे राहिले. एक, दोन, तीन. आठावर त्यांना उगाच वाटलं आता तहान लागेल. लागली नाही. बारावर पाय अंगणाकडे वळले नाहीत. वीस झाले, पाणी अजून मळकंच होतं, तेव्हा काका पुढे मोजत राहिले आणि एजन्सीवाल्याला शिव्या घालत राहिले. शेजारच्या स्टुलावर काकूंनी भरून दिलेली मोठी बाटली होती. तिच्या गळ्याला दोरी बांधलेली, आणि दोरीचं दुसरं टोक काकूंनी काकांच्या डब्याच्या पिशवीला गाठ मारून पक्कं केलेलं, कुंडीपर्यंत पोचू नये म्हणून.

काकांनी एक हात झडपेवर ठेवला, दुसऱ्या हाताने बाटली तोंडाला लावली आणि रागारागाने, गटागटा, अर्धी संपवली.